पाळी गेल्यानंतर स्तनाच्या कॅन्सरसाठी हार्मोनच्या गोळ्या : रोज घेताना काय सांभाळायचं?

गोदाकाठची_निशा (धागाकर्ती)

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन यांच्याबद्दल इकडच्या-तिकडच्या धाग्यांवर सुटे सुटे प्रश्न येतात आणि चार प्रतिसादांनंतर गाडी भलत्याच रुळावर जाते. म्हणून हा वेगळा धागा. कॅन्सरच्या ओपीडीत समुपदेशन करताना जे मुद्दे पुन्हा पुन्हा सांगावे लागतात ते आधी मांडते. मेडिकलवाले, फिजिओ, आहारतज्ज्ञ मंडळींनी भर घालावी. कुठली गोळी आणि किती वर्षं, हे ऑन्कॉलॉजिस्टच ठरवणार. इथे बोलायचंय ते ठरलेली गोळी नीट कशी घ्यायची याबद्दल.

या गोळ्या ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन हार्मोनला धरणारे रिसेप्टर) असलेल्यांनाच उपयोगी. बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर १ टक्का किंवा जास्त पेशींत दिसला तर पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्के असेल तर त्याला लो पॉझिटिव्ह म्हणतात, तिथे फायदा कितपत हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

पाळी गेली की ओव्हरीतून येणारं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं, पण शरीरातलं सगळं संपत नाही. किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अँड्रोजेन बनवतात, आणि चरबी, स्नायू, स्तन यांतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम त्याचं इस्ट्रोजेन करतं. वरच्या तिन्ही गोळ्या हे एन्झाइम अडवतात. टॅमॉक्सिफेनचं काम वेगळं. ते इस्ट्रोजेन बनू देतं, पण गाठीच्या पेशीतल्या रिसेप्टरला चिकटू देत नाही.

डोस साधे आहेत. लेट्रोझोल २.५ मिग्रॅ, अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिग्रॅ, एक्झेमेस्टेन २५ मिग्रॅ, दिवसातून एकदा. पहिल्या दोन जेवणाआधी-नंतर कशाही चालतात. एक्झेमेस्टेन मात्र जेवण झाल्यावरच, कारण भरल्या पोटी, त्यातही थोडं तेल-तूप पोटात गेल्यावर, ती रक्तात जास्त उतरते. नुसत्या चहाबरोबर घेतली तर पूर्ण फायदा मिळत नाही.

सकाळ की रात्र? कुठलीही, पण ठरलेली. गोळीनंतर मळमळ किंवा गरगर वाटत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, झोप उडत असेल तर सकाळी.

एखाद्या दिवशी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत. लेट्रोझोल आणि अ‍ॅनास्ट्रोझोलचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे दोन दिवस लागतात, त्यामुळे एका चुकीने काही बिघडत नाही. मात्र यावरून काहीजणी परस्पर ‘एक दिवसाआड’ सुरू करतात, तसं करू नका.

सातपूरकर

उत्तम धागा. एक शंका. वय ४४, केमोमध्ये पाळी बंद झाली, आता आठ महिने आलेली नाही. याला पाळी गेली म्हणायचं का? लेट्रोझोल चालेल?

गोदाकाठची_निशा

@सातपूरकर, हा प्रश्न धाग्यातच घ्यायला हवा होता. नाही, तेवढ्यावरून पाळी गेली असं धरत नाहीत. केमोने ओव्हरी काही काळ गप्प बसते आणि चाळिशीतल्या बाईत ती महिन्यांनी, कधी वर्षानंतरही पुन्हा जागी होते. अशा वेळी नुसतं लेट्रोझोल दिलं तर उलटंच होतं. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हा हार्मोन वाढवून ओव्हरीला कामाला लावते. (वंध्यत्वाच्या उपचारात बीज तयार व्हावं म्हणून लेट्रोझोल देतात ते याच कारणाने.) पाळी येऊ शकते, क्वचित दिवसही जाऊ शकतात.

म्हणून अशा बाईला आधी टॅमॉक्सिफेन, नाहीतर ओव्हरी दाबायचं इंजेक्शन (गोसेरेलिन ३.६ मिग्रॅ, दर २८ दिवसांनी, पोटाच्या त्वचेखाली) आणि सोबत गोळी, नाहीतर ओव्हरी काढून मग गोळी, असे मार्ग असतात. इंजेक्शनची तारीख लांबवू नका, संरक्षण त्यावरच टिकून असतं.

आणि गर्भपिशवी काढलेली पण ओव्हरी ठेवलेली, अशा बायकांत पाळी नसणं हा पुरावाच होऊ शकत नाही. तिथे वय आणि रक्ततपासणी दोन्ही बघतात.

निफाडचा_गारवा

रक्ततपासणीवरून आठवलं. गोळी चालू असताना ‘काम करतेय का’ म्हणून रक्तातलं इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) तपासून घेणारे बरेच आहेत. नेहमीच्या लॅबमधली पद्धत इतक्या कमी पातळीला भरवशाची नसते. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर आधारित तपासणी लागते, ती सांगूनच करावी लागते. एक्झेमेस्टेन तर स्वतःच स्टिरॉइडच्या घडणीचं आहे, साध्या तपासणीत ते इस्ट्रॅडिओल म्हणून मोजलं जाऊन आकडा खोटा वाढलेला दिसतो. मग घरात रडारड. लॅबच्या चिठ्ठीवर कुठली गोळी चालू आहे हे लिहा.

पंचवटीचा_फार्मासिस्ट

काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितो.

लेट्रोझोलच्या काही कंपन्यांच्या पट्ट्या १० गोळ्यांच्या असतात, काहींच्या ५ च्या. पाचची पट्टी वंध्यत्वाच्या उपचारासाठी सोयीची, कारण तिथे पाळीच्या ठराविक दिवसांत पाचच गोळ्या देतात. घोळ इथेच होतो. नवख्या पोराने सवयीने पाकिटावर ‘५ दिवस’ लिहून दिलं की पेशंट पाच दिवस घेऊन थांबते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाच घेते. महिन्याला ३० गोळ्या लागतात, म्हणजे पाचच्या सहा पट्ट्या. घरी गेल्यावर मोजा.

आणखी एक. इंटरनेटवर वाचून ‘या गोळीवर भारतात बंदी आहे ना?’ असं विचारत लोक येतात. २०११ साली बंदी आली होती ती लेट्रोझोलच्या वंध्यत्वासाठीच्या वापरावर, आणि २०१७ मध्ये तीही उठली. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी ही गोळी सगळा काळ चालूच होती.

ब्रँड बदलला तर घाबरू नका, पण पट्टीच्या मागचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वाचा. घरात दोन ब्रँडचं लेट्रोझोल असतं आणि दोन्ही वेगळी औषधं समजून रोज दोन गोळ्या घेतल्या जातात, हे दिसतं. लेट्रोझोल राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. तरी ब्रँडनुसार फरक पडतोच. जनऔषधी केंद्रात विचारून बघा, नसेल तर मागवून देतात. महात्मा फुले योजनेत उपचार झाला असेल तर घरी घ्यायच्या गोळ्यांचं काय, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला फाइल दाखवून विचारा.

साठवण : नाशिकचा एप्रिल-मे आता काही पूर्वीसारखा राहिला नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर, ओट्याच्या वरच्या फडताळात, खिडकीशी पट्टी ठेवू नका. फ्रिजची गरज नाही. पट्टी कापून सुटे तुकडे डबीत टाकले की तारीख आणि नाव दोन्ही जातं, तेवढं टाळा.

मनमाडची_पोर

थायरॉईड, बीपी, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन, आणि आता ही. क्रम कसा लावायचा कुणी सांगेल का? काकूंच्या डबीत सगळं एकत्र आहे आणि सगळं सकाळी एकाच घोटात जातं :(

पंचवटीचा_फार्मासिस्ट

@मनमाडची_पोर, हार्मोनची गोळी यात सगळ्यात गरीब आहे, तिचं या चौघांशी भांडण नाही. भांडण आहे थायरॉईड आणि कॅल्शियमचं. थायरॉक्सिन सकाळी उठल्याबरोबर पाण्याबरोबर, चहाआधी किमान अर्धा तास, आणि कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. एकत्र घेतलं तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) वाढतं, अंग दुखतं, थकवा येतो आणि दोष जातो लेट्रोझोलवर.

बसेल असा क्रम : उठल्यावर थायरॉईड. नाश्त्यानंतर बीपीची (डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली नसेल तर). दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम. रात्रीच्या जेवणानंतर हार्मोनची गोळी. लोहाची गोळी असेल तर ती आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर.

कॅल्शियमच्या डबीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ लिहिलं असलं तरी त्यातलं खरं कॅल्शियम ५०० मिग्रॅ. एका वेळी ५०० पेक्षा जास्त शरीर नीट शोषत नाही, म्हणून दोन लागल्या तर दोन जेवणांत वाटा. कार्बोनेट जेवणानंतरच. पित्ताची पॅन्टोप्राझोल रोज चालू असेल तर कार्बोनेट नीट विरघळत नाही, डॉक्टरांना विचारून सायट्रेट घ्या.

आता डी व्हिटॅमिन. हे ठळक अक्षरात लिहायला हवं. ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी आठवड्यातून एकदा असते. साधारण आठ आठवडे, मग बहुधा महिन्याला एक. रोजच्या डबीत टाकली की रोज जाते. दोन-तीन महिन्यांत रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, लघवी जास्त, वागण्यात गोंधळ, आणि किडनीला इजा. कॅलेंडरवर एक वार ठरवून खूण करा आणि ती पट्टी डबीपासून वेगळी ठेवा.

खवचट_काका

कालनिर्णय शेवटी कामाला आलं म्हणायचं. +१.

हाडाचा_माणूस

ऑर्थोपेडिक्सवाला आहे, हाडांचा भाग घेतो.

इस्ट्रोजेन हाडाची झीज रोखतं. या गोळ्यांनी ते जवळपास तळाला जातं, म्हणून पहिल्या दोन वर्षांत हाड झपाट्याने विरळ होतं. (टॅमॉक्सिफेनमध्ये पाळी गेलेल्या बाईचं हाड उलट थोडं राखलं जातं.) म्हणून गोळी सुरू होतानाच डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजणारा) : कंबर आणि खुबा. टी-स्कोअर −१ च्या वर असेल तर ठीक, −१ ते −२.५ म्हणजे हाड विरळ, −२.५ किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मॉलमध्ये किंवा शिबिरात टाचेवर यंत्र लावून देतात तो आकडा यासाठी धरू नका. पुढचा स्कॅन दोन वर्षांनी, हाड आधीच विरळ असेल तर एका वर्षाने. शक्यतो त्याच सेंटरला, त्याच यंत्रावर, नाहीतर दोन आकड्यांची तुलना होत नाही.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन बऱ्याच जणींना सांगतात : ४ मिग्रॅ, किमान १५ मिनिटांत, दर सहा महिन्यांनी, साधारण तीन वर्षं. पाळी गेलेल्या बायकांत हे हाड तर राखतंच, शिवाय हाडात कॅन्सर परतण्याचं प्रमाणही कमी करतं. त्याआधी तीन गोष्टी :

दात. हलणारे, किडलेले, काढायचे दात आधी काढून जखम पूर्ण भरू द्या. सलाईन सुरू झाल्यावर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरत नाही. कॉलेज रोडला जाताना सहज डेंटिस्टकडे डोकावून ‘सगळं बरं आहे’ ऐकून येणं पुरेसं नाही. सगळ्या दातांचा एक्स-रे काढायला सांगा.

क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी). प्रत्येक सलाईनआधी. किडनीचं काम कमी असेल तर डोस कमी करतात, फारच कमी असेल तर देतच नाहीत.

कॅल्शियम आणि डी. कमी असताना सलाईन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून तोंडाभोवती मुंग्या आणि हातापायाला वांब येतात.

सलाईनच्या दिवशी पाणी भरपूर. पहिल्यांदा दिल्यावर १ ते ३ दिवस ताप, अंगदुखी येते. पॅरासिटामॉल पुरतं. सलाईन बंद करण्याचं ते कारण नाही, पुढच्या वेळी बहुधा कमी होतं.

डेनोसुमॅबचं इंजेक्शन (६० मिग्रॅ, सहा महिन्यांनी) असेल तर तारीख चुकवूच नका. हे औषध थांबलं की हाडाची झीज उसळी मारते आणि मणके पटापट दबतात. बंद करायचं असेल तर त्यानंतर दुसरं हाडाचं औषध द्यावं लागतं. झोलेड्रोनिकला एखादा महिना उशीर चालून जातो, इथे नाही.

नागलीभाकरी

आहारातून किती येतं ते धरूनच गोळी ठरवा. लक्ष्य दिवसाला एकूण १२०० मिग्रॅच्या आसपास, गोळी आणि जेवण मिळून. एक मोठा पेला दूध (२५० मिली) सुमारे ३०० मिग्रॅ. वाटीभर दही २०० च्या घरात. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिग्रॅ, म्हणजे दोन भाकऱ्यांत बराच भाग भरतो. पेठ-सुरगाण्याकडची नागली नाशिकच्या बाजारात सहज मिळते, तिला पर्याय शोधत बसायची गरज नाही. तिळाची चटणी चांगली, पण चमच्याभराने फार आकडा हलत नाही. सकाळ-संध्याकाळ दूध-दही आणि एक वेळ नागली असेल तर बहुतेक जणींना ५०० ची एकच गोळी पुरते. दोन गोळ्या वर दूध वर डी, असं साठत गेलं की मुतखडा.

अवांतर, पण नाशिकमध्ये हे सांगावंच लागतं : द्राक्षं बंद करायची नाहीत. औषधांच्या माहितीपत्रकात ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असतं ते चकोतरा म्हणजे मोठ्या संत्र्यासारख्या फळाबद्दल. पपनस त्याचाच भाऊबंद. तो इशाराही मुख्यतः पसरलेल्या आजारात सोबत देतात त्या पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिबसारख्या गोळ्यांसाठी आहे. फेब्रुवारी-मार्चची द्राक्षं खुशाल खा. शुगर असेल तर मुठीत मावतील एवढीच, आणि नीट धुऊन.

सातपूरकर

सोयाबीन? सोया दूध, सोया वडी वगैरे. आणि शतावरी कल्प? घरी आहे.

नागलीभाकरी

जेवणातलं सोया (वडी, टोफू, दूध) नेहमीच्या प्रमाणात चालतं. सोया आयसोफ्लेवोनच्या गोळ्या-पावडरी नकोत. शतावरीत इस्ट्रोजेनसारखं वागू शकणारे घटक आहेत, म्हणून गोळी चालू असेपर्यंत कल्प कपाटातच राहू दे. ‘बायकांची ताकद’ म्हणून विकली जाणारी, घटक न लिहिलेली चूर्णं तर अजिबातच नको. वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा, पण ईआर पॉझिटिव्ह रिपोर्ट सोबत न्या.

चालते_व्हा (फिजिओथेरपी)

सांधे. गोळी मध्येच सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, म्हणून जरा सविस्तर.

ओळख अशी : पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुरू होतं, दोन्ही बाजूंना सारखं. हाताची बोटं, मनगट, गुडघे, पाऊल. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, खुर्चीतून उठताना आखडतं, चार पावलं चाललं की सैल होतं. काहींना बोट मध्येच अडकतं आणि कट्‌ करून सुटतं, काहींना रात्री बोटांना मुंग्या येतात. डिसेंबर-जानेवारीत, थंडी उतरली की वाढतं.

आधी दोन तपासण्या : डी व्हिटॅमिन आणि टीएसएच. हे दोन्ही बिघडले तरी अगदी असंच दुखतं.

मग व्यायाम. ‘दुखतंय म्हणून आराम’ केला की आखडणं वाढतं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, हा साचा खास याच गोळ्या घेणाऱ्या आणि सांधे दुखणाऱ्या बायकांवर तपासलेला आहे, आणि त्याने दुखणं कमी होतं. रोज पंचवीस मिनिटं, आठवड्यात सहा दिवस, झाले १५०. गोल्फ क्लबचा ट्रॅक असो की कृषीनगरचा, डांबरी रस्त्यापेक्षा गुडघ्याला बरा. थंडीत ऊन आल्यावर निघा, पहाटे साडेपाचचा हट्ट नको. वेग असा की बोलता येईल, गाता येणार नाही.

ताकदीसाठी जिम लागत नाही. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठणं-बसणं, १० वेळा, थोडं थांबून पुन्हा १०. भिंतीला हात टेकवून दंड, ८ ते १०. ओट्याला धरून टाचा उचलणं, १५. रबरी पट्टी पायाने दाबून कोपरातून ओढणं, १०. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला अर्ध्या किलोपासून किंवा सगळ्यात हलक्या पट्टीपासून सुरुवात आणि दोन आठवड्यांनी पुढची पायरी. हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी रुतायला लागली तर थांबून दाखवा.

सकाळी उठल्यावर कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून १० मिनिटं मूठ उघडझाप. अडकलेलं बोट दुसऱ्या हाताने जोरात सरळ करू नका, त्याला रात्री लावायची पट्टी मिळते.

वेदनाशामक : पॅरासिटामॉल ठीक. डायक्लोफेनॅक-अ‍ॅसिक्लोफेनॅक मेडिकलमधून रोज आणून खाणं म्हणजे पोट आणि किडनी दोन्ही, वर झोलेड्रोनिक चालू असेल तर आणखी भर.

गोदाकाठची_निशा

@चालते_व्हा, सुरेख. याला जोडून : इतकं करूनही भागलं नाही तर ऑन्कॉलॉजिस्टकडे दोन-तीन रस्ते असतात. ड्युलोक्सेटिन (नैराश्याची गोळी, दुखण्यावरही देतात), सोबत तोंड कोरडं पडणं, मळमळ हे गृहीत धरून. किंवा गोळी २ ते ४ आठवडे थांबवून बघायची. दुखणं ओसरलं तर या गटातली दुसरी सुरू करायची. एक सोसत नाही म्हणजे तिन्ही सोसत नाहीत असं नाही, बऱ्याच जणींचं दुसऱ्या गोळीवर निभावतं. तेही नाही जमलं तर टॅमॉक्सिफेन आहेच.

पण हे थांबवणं डॉक्टरांना सांगून, परत सुरू करायची तारीख हातात घेऊन. घरातल्या घरात बंद केलेली गोळी पुढच्या व्हिजिटला ‘चालू आहे’ म्हणून सांगितली जाते, आणि मग सगळे निर्णय चुकीच्या माहितीवर होतात. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका. ओरडले तर ओरडले.

या आखडण्यात न बसणारं दुखणं ओळखा : एकाच जागी, रात्री झोपेतून उठवणारं, आठवड्यागणिक वाढणारं. पाठीत अचानक कळ आणि उंची कमी वाटणं. एकाच पोटरीला सूज. यासाठी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

निफाडचा_गारवा

टॅमॉक्सिफेन आहेच म्हणता, मग सरळ तेच का देत नाहीत? फरक किती?

गोदाकाठची_निशा

२०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये जवळपास ३२,००० पाळी गेलेल्या स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून मांडल्या गेल्या. अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्यांनी, दोन गटांची औषधं वेगळी असतानाच्या काळात, आजार परतण्याचं प्रमाण टॅमॉक्सिफेनच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी केलं. पाच वर्षं या गोळ्या घेतलेल्यांत दहा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू टॅमॉक्सिफेनपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी. हे टॅमॉक्सिफेनच्या तुलनेत आहे, आणि टॅमॉक्सिफेन स्वतःच चांगलं औषध आहे. त्यामुळे बदलून टॅमॉक्सिफेन मिळालं तर सगळं गेलं असं मानू नका. तिथे त्रास वेगळा : पायात रक्ताची गुठळी, गर्भाशयाचं अस्तर जाड होणं.

दोन्ही एकत्र मात्र कधीच नाही. टॅमॉक्सिफेनमुळे लेट्रोझोल-अ‍ॅनास्ट्रोझोलची रक्तातली पातळी घसरते. एकावरून दुसरीवर जाताना मध्ये अंतर लागत नाही, आज ती संपली, उद्या ही. जुनी पट्टी घरातून हलवा.

पंचवटीचा_फार्मासिस्ट

आणि टॅमॉक्सिफेनवर असताना पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्या टाळतात, कारण ती यकृतात टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूप तयार होऊ देत नाहीत. ड्युलोक्सेटिनही थोडं त्याच वळणाचं. लेट्रोझोलवरून टॅमॉक्सिफेनवर गेलात तर जुनी सांधेदुखीची चिठ्ठी तशीच पुढे चालवू नका.

दुसरी जोडी आपल्याकडे जास्त महत्त्वाची : टीबीचं औषध. रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम वाढवतं, त्यामुळे एक्झेमेस्टेन आणि टॅमॉक्सिफेन फार लवकर बाहेर पडतात. फिटच्या फिनाइटॉइन, कार्बामाझेपिनचंही तेच. टीबीचा कोर्स सुरू होणार असेल तर छातीच्या डॉक्टरांना आणि ऑन्कॉलॉजिस्टना दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

स्त्रीरोग_ओपीडी

दोन विषय, जे बायका पुरुष डॉक्टरसमोर काढत नाहीत.

अंगातून वाफा. दिवसाला कितीदा आणि कशानंतर, हे आठवडाभर लिहून ठेवा. वाफाळता चहा, तर्रीदार मिसळ, बंद खोली हे नेहमीचे गुन्हेगार. मिसळ सोडा असं नाशिककरांना सांगायची हिंमत नाही, पण तर्री वेगळी घ्या. सुती कपड्यांचे दोन पातळ थर, एक काढता येईल असा. झोपच लागत नसेल तर रात्री गॅबापेंटिन किंवा सकाळी व्हेन्लाफॅक्सिन कमी डोसमध्ये, दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. व्हेन्लाफॅक्सिन अचानक बंद करायचं नाही, चक्कर येते. पाळी गेल्यावर हार्मोन भरून काढायला देतात त्या गोळ्या (एचआरटी) आणि तसंच काम करणारं टिबोलोन या आजारात नाहीत. टिबोलोनने आजार परतण्याचं प्रमाण वाढल्याचं चाचणीत दिसलेलं आहे.

योनीचा कोरडेपणा, संबंधावेळी दुखणं, लघवीला आग. आधी हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर (हायल्युरॉनिक अ‍ॅसिड किंवा पॉलिकार्बोफिल असलेलं) आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री. संबंध असो-नसो, नियमित. संबंधावेळी वेगळं, पाण्यावर आधारित जेल. दोन महिने नेटाने करा, दोन दिवसांत गुण येत नाही. सुगंधी साबण आणि ‘व्ही-वॉश’ प्रकार बंद.

एस्ट्रिऑलची क्रीम आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. अरोमाटेजची गोळी चालू असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय लावू नका. गोळीने इस्ट्रोजेन तळाला न्यायचं आणि क्रीमने वरून घालायचं, असं होतं. पातळ झालेल्या त्वचेतून सुरुवातीला ते जास्त शोषलं जातं.

निफाडचा_गारवा

थोडी असहमती. बाकी सगळं करून झाल्यावर अगदी कमी मात्रेत क्रीम द्यायला काही ऑन्कॉलॉजिस्ट तयार असतात. नाहीतर बाई गोळीच सोडते.

स्त्रीरोग_ओपीडी

मान्य, म्हणूनच ‘विचारल्याशिवाय’ लिहिलं. आणि पाळी गेल्यावर एक डाग जरी पडला तरी दाखवा, गोळी कुठलीही असो.

सातपूरकर

फॉलो-अपला काय काय करायचं? दर तीन महिन्यांनी सीए १५-३ (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) आणि वर्षाला पेट स्कॅन, असं पॅकेज सांगितलंय एका ठिकाणी.

गोदाकाठची_निशा

काही त्रास नसेल तर मार्कर आणि पेट नियमाने करायची शिफारस नाही. त्याने आयुष्य वाढत नाही, खोट्या धोक्याच्या घंटा मात्र वाजतात. करायचं ते : डॉक्टरांकडून तपासणी, वर्षाला मॅमोग्राम (राहिलेल्या स्तनाचा किंवा दोन्ही), ठरल्यावेळी डेक्सा, वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल (या गोळ्यांवर वाढू शकतं), बीपी. पाच वर्षं झाली की आपोआप बंद करू नका. काखेतल्या गाठी किती होत्या यावरून काहींना सात ते दहा वर्षं सांगतात, काहींना पाचच पुरतात.

परळला टाटामध्ये दाखवायला जाणाऱ्यांनी तिथल्या तारखेच्या दोन आठवडे आधी रक्त आणि डेक्सा इथेच करून न्यावं, म्हणजे पंचवटी एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. पट्टीतल्या शेवटच्या दहा गोळ्या उरल्या की नवीन आणा. डॉक्टरांची तारीख पुढे गेली तर जुन्या चिठ्ठीवर फोन करून विचारा, तोवर गोळी चालूच ठेवा.

मनमाडची_पोर

काकूंची डबी आजच वेगळी केली, डीची पट्टी रविवारच्या चौकटीला टाचणीने लावली. एक शेवटचं : झोलेड्रोनिकचं एक सलाईन झालंय आणि आता दाढ ठणकतेय. काढायची नाही म्हणजे सोसायचं का?

हाडाचा_माणूस

सोसायचं अजिबात नाही, तिथे साठलेला पूच जबड्याला जास्त घातक. डेंटिस्टना सलाईनचं नाव आणि तारीख सांगा. रूट कॅनॉलने दाढ वाचत असेल तर तेच आधी, ते सुरक्षित आहे. काढावीच लागली तर ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून, प्रतिजैविक आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांसह, आणि पुढचं सलाईन हिरडी पूर्ण भरेपर्यंत पुढे ढकलायचं. लेट्रोझोल या सगळ्यात एक दिवसही थांबवायची गरज नाही.